एक सुई, चार जणं : सुई-सिरिंज बदलून देण्याचा कार्यक्रम म्हणजे काय?

स्वारगेट (पुणे) : भोर, वेल्हे, पुरंदरकडची माणसं एसटीनं पुण्यात येतात ती बहुतेक स्वारगेटलाच उतरतात. तिथं गाडीची वाट बघताना आमच्या भागातला एक पोरगा भेटला. पुण्यात कामाला आहे, जिमला जातो. बोलता बोलता हळूच म्हणाला, "दादा, आम्ही रूमवर चौघं एकाच सुईनं इंजेक्शन घेतो. गरम पाण्यातनं काढली की चालतं ना?"

चालत नाही. त्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितो.

हे इंजेक्शन बहुतेक मेफेंटरमाइनचं असतं. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब उतरला तर तो वर आणायला डॉक्टर ते वापरतात. चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी व्यायामाला जोर येतो म्हणून पोरं चोरून घेतात. पुण्यात पोलिसांनी असा माल अनेकदा पकडलाय. हृदयावर ताण येतो तो वेगळाच, पण खरी भीती सुईची. सुईच्या पोकळीत आणि सिरिंजच्या टोकाला डोळ्याला न दिसणारं रक्त राहतं. त्यातनं एचआयव्ही, कावीळ ब आणि कावीळ क एकाकडून दुसऱ्याकडं जातात. एकदाच वापरायची प्लॅस्टिकची सिरिंज धुवून, उकळून निर्धोक होईल यावर भरवसा ठेवता येत नाही.

आता मूळ विषय. टोचून नशा करणारा माणूस सांगून लगेच थांबत नाही, हे घरात ज्यानं बघितलंय त्याला माहीत आहे. मग तो थांबेपर्यंत त्याला आणि त्याच्या बायकोला रोग लागू नये म्हणून वापरलेली सुई परत घ्यायची आणि नवी कोरी मोफत द्यायची. १९८४ साली नेदरलँडमधल्या ॲमस्टरडॅमला नशा करणाऱ्यांच्याच संघटनेनं हे सुरू केलं, कावीळ ब पसरत होती म्हणून. आपल्या देशात मणिपूरला १९९० च्या आसपास टोचून नशा करणाऱ्यांत एचआयव्ही झपाट्यानं पसरला आणि तिथं हे काम उभं राहिलं. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट ही संस्था रस्त्यावरच्या नशा करणाऱ्यांत काम करते. पुढं नॅको म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं हे आपल्या कार्यक्रमातच घेतलं.

काम करणाऱ्यांत पूर्वी नशा केलेली माणसंही असतात, कारण अड्डा कुठं हे त्यांनाच ठाऊक. सुईबरोबर जखमेची मलमपट्टी, निरोध, एचआयव्ही तपासणी हेही होतं. ब्राउन शुगरसारख्या अफूच्या नशेसाठी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी केंद्रात समोर बसवून देतात, म्हणजे टोचायची गरजच कमी होते. जिमच्या इंजेक्शनला मात्र अशी पर्यायी गोळी नाही. ते बंदच करावं लागतं.

"सरकारच सुया वाटतं म्हणजे नशेला उत्तेजन," असं पारावर कुणीतरी म्हणतंच. मलाही आधी तसंच वाटायचं. पण ठिकठिकाणच्या अभ्यासांत सुया दिल्यानं नशा वाढल्याचं दिसलेलं नाही, आणि त्या निमित्तानं माणूस उपचाराच्या दारापर्यंत येतो. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ (लागू १० सप्टेंबर २०१८) यातल्या कलम २२ नुसार केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालणारं असं काम गुन्हा ठरत नाही.

नशा न करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊला २०१८ मध्ये अनेक गावकऱ्यांना एचआयव्ही निघाला. एक बोगस डॉक्टर एकच सिरिंज अनेकांना वापरत होता, असा आरोप झाला. इंजेक्शन घेताना पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सुई कुणासोबत वापरली असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठा. गरज असल्यास एचआयव्ही टाळायची औषधं डॉक्टर २८ दिवसांसाठी देतात. दिवस उलटून गेले असतील तरी तपासणी करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात ती मोफत होते, नाव गुप्त राहतं. कावीळ क बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरी होते. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात त्या मोफत आहेत. नशा सोडवायला येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे.

एचआयव्हीची माहिती : १०९७. व्यसनमुक्ती : १४४४६. दोन्ही फोन मोफत.