शेंडा न खुडलेली तंबाखू

मराठी वर्तमानपत्रात ‘सुगंधी तंबाखू’ हे शब्द दिसले की पुढे बहुतेक ‘साठा जप्त’ असं येतं. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, पाठोपाठ सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही त्या बंदीत गेली. तेव्हापासून या दोन शब्दांची जागा टेम्पोत, गोण्यांत आणि पंचनाम्यात ठरून गेली आहे. त्या पुडीतला सुवास तंबाखूचा नसतो, वरून घातलेल्या अत्तराचा असतो. पण जिचा सुवास खरोखर तिचा स्वतःचा आहे, दिवेलागणीला जिचं फूल उघडतं आणि अंगणभर दरवळतं, अशीही तंबाखू आहे. ती चघळायची नाही की ओढायची नाही. ती कुंडीत लावायची आणि संध्याकाळची वाट पाहायची.

तंबाखूला फूल येतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं, आणि त्याला कारण आहे. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूच्या शेतात कळ्या दिसायला लागल्या की शेंडा खुडतात. मग पानांच्या बगलेत फुटवे येतात, तेही काढून टाकतात. झाडाची ताकद फुलाकडे आणि बोंडाकडे न जाता पानात उतरावी, पान जाड आणि कडक व्हावं, यासाठी हा खटाटोप. निकोटिन तयार होतं मुळांत आणि तिथून पानांत चढतं. शेंडा खुडला की ते आणखी जोमाने तयार होतं. बियाण्यासाठी राखलेली झाडं तेवढी फुलू दिली जातात. म्हणजे माणसाने या झाडाशी चार-पाचशे वर्षं जो व्यवहार केला, त्याची पहिली अटच फूल नको ही होती.

सुवासिक तंबाखूच्या जाती बागेत आल्या त्या ही अट मोडून.

पानाची गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. झां निको हा फ्रान्सचा वकील पोर्तुगालच्या दरबारी होता. १५६० च्या सुमारास त्याने लिस्बनहून तंबाखू फ्रान्सच्या राजघराण्याकडे औषध म्हणून पाठवली. पुढे १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने साऱ्या कुळाचं त्याच्यावरून ‘निकोटियाना’ हे नाव कायम केलं. ‘निकोटिन’ हा शब्दही त्याच नावाचा. इकडे पोर्तुगीजांच्या जहाजांतून पान दख्खनला पोचलं. अकबराचा वकील असद बेग विजापुराहून परतला तेव्हा त्याने तिथली तंबाखू आणि जडावाचा हुक्का बादशहापुढे नेऊन ठेवला, ते साल १६०४-०५ चं. जग पानाच्या मागे लागलं होतं, तेव्हा त्याच कुळातल्या सुवासिक बहिणी दक्षिण अमेरिकेच्या माळांवर आणि डोंगरउतारांवर आपापल्या फुलत होत्या. त्यांच्याकडे कोणी वळून पाहायला आणखी दोनशे वर्षं जावी लागली.

निकोटियाना कुळात सत्तरहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या दोनच शेतात पसरल्या: टाबाकम आणि रस्टिका. बागेतल्या सुवासाचं मूळ मात्र दुसऱ्याच दोन जातींत आहे.

पहिली निकोटियाना अलाटा. हिचं घर दक्षिण ब्राझील, उरुग्वे, पॅराग्वे आणि ईशान्य अर्जेंटिना. १८३० च्या सुमारास बर्लिनच्या वनस्पती उद्यानाचे संचालक हाइनरिश लिंक आणि तिथले उद्यानप्रमुख फ्रीडरिश ऑटो यांनी तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं. ‘अलाटा’ म्हणजे पंख असलेली. पानाचा देठ खोडाला मिळतो तिथे दोन्ही बाजूंनी पंखासारखी कड असते, त्यावरून हे नाव. पण नाव मिळालं म्हणजे ओळख पटली असं झालं नाही. १८३३ मध्ये लंडनच्या जॉन लिंडली यांनी हिलाच शिराझची इराणी तंबाखू समजून ‘पर्सिका’ म्हटलं. पुढे इंग्लंडच्या बागांतून ती ‘अफिनिस’ या तिसऱ्याच नावाने वाढली आणि तेच नाव कित्येक वर्षं बियाण्याच्या पाकिटांवर राहिलं.

दुसरी सिल्व्हेस्ट्रिस, वायव्य अर्जेंटिना आणि बोलिव्हियाच्या अँडीज उतारांवरची. कार्लोस स्पेगाझिनी हे इटलीहून अर्जेंटिनात स्थायिक झालेले वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि ओरात्सिओ कोमेस हे नेपल्सजवळच्या पोर्तिचीचे. या दोघांच्या नावावर १८९८ साली ती नोंदली गेली. झाड पाच फुटांपर्यंत जातं, पानं सुपाएवढी होतात आणि शेंड्याला लांब पांढऱ्या नळ्यांचा झुबका खाली झुकून लोंबतो. बागेतली शोभेची जात म्हणून आलेल्या या झाडाची खरी ओळख पुढे प्रयोगशाळेत पटली. शेतातल्या तंबाखूत गुणसूत्रं ४८. त्यांतली २४ सिल्व्हेस्ट्रिसची आणि उरलेली २४ तोमेंतोसिफॉर्मिस नावाच्या दुसऱ्या रानटी जातीची. हजारो वर्षांपूर्वी या दोघींच्या नैसर्गिक संकरातून तंबाखू जन्मली, आणि त्यात बीज धरणारी होती सिल्व्हेस्ट्रिस. चुना लावून तळहातावर मळल्या जाणाऱ्या त्या पानाची आई म्हणजे हे पांढऱ्या फुलांचं सुवासिक झाड.

दुपारी अलाटाचं झाड पाहिलं तर निराशाच पदरी येते. फुलं मान टाकलेली, पाकळ्या सुरकुतलेल्या, पाणी कमी पडलं असावं असं वाटावं अशी. ऊन उतरलं की त्याच पाकळ्यांत पाणी भरायला लागतं. बाहेरून हिरवट, मळकट दिसणारी कळी पाच टोकांनी उलगडते आणि आतली दुधी पांढरी चांदणी समोर येते. नळी सात-आठ सेंटिमीटर लांब, मध अगदी तळाशी. काळोख पडला की वास वाढत जातो. या कुळातल्या रात्रीच्या फुलांच्या वासात निलगिरीच्या तेलातलं सिनिओल सापडतं, धण्याच्या तेलातलं लिनालूल सापडतं, मोगऱ्या-चमेलीच्या घराण्यात असतं ते बेन्झिल अल्कोहोलही सापडतं. हा साठा फूल दिवसा राखून ठेवतं आणि रात्री सोडतं. त्याचं वेळापत्रक झाडाच्या आतल्या घड्याळावर चालतं.

हे सारं एका पाहुण्यासाठी असतं. हॉक मॉथ जातीचा पतंग फुलावर बसत नाही. पंखांची भिरभिर करत हवेतच थांबतो, गुंडाळलेली सोंड सोडतो आणि नळीच्या तळापर्यंत घालतो. पांढरा रंग त्याला अंधारात दिसतो, वास त्याला लांबून बोलावतो. जिथे इतकी लांब सोंड नाही तिथे तो मध कुणाच्याच कामाचा नाही. अमेरिकेतल्या पतंगांसाठी घडलेलं हे फूल इकडच्या पतंगांनाही चालतं. युरोपात उन्हाळा संपता संपता दक्षिणेकडून येणारे ॲग्रियस कॉन्व्हॉल्व्युली जातीचे मोठे पतंग बागांतल्या याच फुलांवर हमखास सापडतात, आणि ही जात भारतातही सर्वत्र आहे.

मराठी अंगणाला हा मामला तसा परका नाही. खिडकीखाली लावतात ती रातराणी तंबाखूच्याच सोलानेसी कुटुंबातली आणि तीही अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेली. रात्री फुलणारा धोतरा त्याच घरातला. थंडीत गॅलरीतून रंगीबेरंगी लटकणाऱ्या पिटुनियाने तर तंबाखूचं नावच घेतलं आहे: ‘पेतुन’ हा ब्राझीलमधल्या तुपी लोकांचा तंबाखूसाठीचा शब्द.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कुळकथेला वळण मिळालं ते लंडनजवळच्या सेंट ऑल्बन्स गावात. फ्रेडरिक सँडर हे तिथले ऑर्किडचे नामांकित व्यापारी. त्यांची माणसं दक्षिण अमेरिकेची जंगलं पालथी घालत. त्यांतला एक लुई फोर्जे. फोर्जेने दक्षिण ब्राझीलमधून एक लहानखुरी, लाल फुलांची तंबाखू मिळवली. तिला पुढे त्याच्याच नावावरून ‘फोर्जेतियाना’ म्हणू लागले. हिचं फूल दिवसा उघडं असतं, नळी आखूड असते आणि वास जवळपास नसतोच. तिला वासाची गरजही नव्हती. तिच्याकडे येतो तो गुंजनपक्षी, आणि तो रंग पाहून येतो. सँडर यांच्या रोपवाटिकेत या लाल जातीचा पांढऱ्या अलाटाशी संकर केला गेला आणि १९०४ च्या सुमारास ‘सँडरे’ ही संकरित तंबाखू बाजारात आली. गडद गुलाबी-लाल फुलांची ही जात पाहता पाहता गाजली.

आज रोपवाटिकांतून ‘निकोटियाना’ म्हणून मिळतात ती बहुतेक रोपं याच संकराचे वंशज. पुढच्या पिढ्यांतून झाड बुटकं केलं गेलं, फुलं वर तोंड करून उभी राहू लागली, लाल, जांभळा, पोपटी असे रंग आले आणि मुख्य म्हणजे फूल दिवसभर उघडं राहू लागलं. गिऱ्हाईक रोपवाटिकेत येतं ते उजेडी, आणि मान टाकलेलं झाड कोण उचलणार? निवड रंगावर होत गेली आणि वासाची चौकशी कोणी केली नाही. त्यामुळे यांतल्या कित्येक वाणांना वास नाममात्र आहे, काहींना अजिबात नाही. पतंगासाठी घडलेलं फूल पुन्हा पक्ष्याच्या बाजूला झुकलं, फरक इतकाच की या वेळी पक्ष्याच्या जागी माणूस होता. हौसेने ‘सुवासिक’ म्हणून आणलेलं रोप रात्री मुकं राहतं, त्याचं कारण हेच. सुवास हवा असेल तर पाकिटावर अलाटा किंवा सिल्व्हेस्ट्रिस हेच नाव पाहून बी घ्यावं, आणि दिवसा मलूल दिसणारं झाड मान्य करावं.

अलाटाचं एकच झाड लावलं तर बी धरत नाही, हेही नव्याने लावणाऱ्याला बुचकळ्यात टाकतं. फूल आपलाच पराग ओळखतं आणि नाकारतं. हा नकार आनुवंशिकतेत कसा उतरतो, हे १९२५ मध्ये हार्वर्डच्या एडवर्ड ईस्ट आणि पॉल मँगल्सडॉर्फ यांनी अलाटा-फोर्जेतियाना संकराच्या झाडांवरच उलगडलं. तो ज्या जनुकामुळे होतो, त्याची प्रत १९८६ मध्ये मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी अलाटातूनच वेगळी काढली. बागेपुरता याचा अर्थ सोपा: दोन-तीन झाडं जवळजवळ लावायची.

आपल्याकडे पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी सोयीची पडते. बी राजगिऱ्याच्या दाण्यापेक्षाही कितीतरी बारीक, चिमटीत घेतलं तर शंभरएक दाणे सहज येतात. म्हणून ते कोरड्या बारीक वाळूत मिसळून ट्रेवर भुरभुरावं आणि वर माती मुळीच टाकू नये. रुजायला त्याला उजेड लागतो. हाताने अलगद दाबावं. झारीने पाणी घातलं तर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं, त्यामुळे ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्यावी. दोन-तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात. चार पानांवर आली की रोपं वेगळी करायची, मग मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात एक-दीड फुटावर लावायची. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली त्यांना मानवते. पेरल्यापासून साधारण तीन महिन्यांत, ऐन थंडीत, पहिली फुलं येतात.

पानांना हात लावला की बोटं चिकट होतात. त्यांवरच्या लवेतून डिंकासारखा द्रव येतो आणि चिलटं त्यात अडकून मरतात. मावा आणि पांढरी माशी मात्र त्यातूनही शिरतात. झाडात निकोटिन असतं, तेव्हा लहान मुलं आणि पाळीव जनावरं पान तोंडात घालणार नाहीत हे पाहावं. टोमॅटो-मिरचीच्या वाफ्यापासूनही ही झाडं दूर बरी, कारण तंबाखूचा मोझॅक विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नुसत्या हाताने जातो. तंबाखू मळणाऱ्याने तर हात साबणाने धुऊनच रोपांना शिवावं.

जागा निवडायची ती बसण्या-उठण्याची: ओट्याजवळ, गॅलरीत, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. कळ्या दिसायला लागल्या की निपाणीचा शेतकरी जिथे चिमटा घेतो, तो शेंडा तसाच वाढू द्यायचा. खालची बोंडं तपकिरी झाली की कागदाच्या पुडीत झटकून घ्यायची आणि पुडीवर जातीचं नाव नि तारीख लिहायची. वर तोपर्यंत नव्या कळ्या आलेल्या असतात आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला त्यांतली पहिली उलगडायला लागलेली असते.