फोटोला शब्द कोणते द्यायचे?

परवा आम्ही संगणकावर 'भंडारा' एवढा एकच शब्द लिहिला आणि चित्रे शोधायला सांगितली. समोर काय आले? हळदीने पिवळ्या झालेल्या जेजुरीच्या पायऱ्या, देवळाच्या अंगणात बसलेली जेवणाची पंगत, देहूजवळचा तुकाराम महाराजांचा डोंगर. वैनगंगेच्या काठचे, पितळी भांड्यांसाठी नावाजलेले भंडारा शहर या गर्दीत कुठेतरी मागे उभे होते. संगणकाची यात चूक नव्हती. शब्दच चार ठिकाणी राबणारा होता.

आम्ही हा उद्योग केला तो एका शिक्षकमित्रामुळे. त्याच जिल्ह्यातल्या या मित्राने गेली अनेक वर्षे फोटो काढून ठेवले आहेत. त्यांत तलाव आहेत, धानाच्या बांध्या आहेत, कोशाचे कापड विणणारे माग आहेत, सारस पक्षी आहेत. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या काही वस्त्यांचेही फोटो आहेत. हे सारे एका नव्या संकेतस्थळावर ठेवायचे त्याने ठरवले आणि आम्हाला विचारले, "प्रत्येक फोटोखाली कोणते शब्द घालू, म्हणजे शोधणाऱ्याला तो सापडेल?" पाच मिनिटांत उत्तर देऊ असे आम्हाला वाटले होते. पण हा प्रश्न संगणकापेक्षा फार जुना निघाला.

आपल्याकडे ऋग्वेदाच्या अनुक्रमणी रचल्या गेल्या. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत प्रत्येक सूक्ताचे सुरुवातीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद दिलेले आहेत. म्हणजे एकाच सूक्ताकडे जायला अनेक दारे. अभंगांच्या गाथेला शेवटी पहिल्या ओळींची सूची असते, तीही याच जातीची. युरोपात तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या एका मठात ह्यू ऑफ सेंट शेर याच्या देखरेखीखाली अनेक भिक्षूंनी बायबलमधला शब्द कुठेकुठे आला आहे याची सूची तयार केली. या सर्वांना एक मोठी सोय होती. शोधायचे शब्द ग्रंथातच होते, ते फक्त उचलून रांगेत लावायचे होते. फोटोत शब्दच नसतात. ते बाहेरून कुणीतरी आणून चिकटवावे लागतात, आणि तो कुणीतरी कोण आहे यावर बरेच काही ठरते.

इथे आम्हाला एका गणिताच्या शिक्षकाची आठवण होते. शियाळी रामामृत रंगनाथन 1924 साली गणित शिकवणे सोडून मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनला शिकायला गेले असता त्यांनी एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच त्या पट्ट्या नि स्क्रू जोडून वेगवेगळी खेळणी होतात. विषयही असेच सुट्या भागांतून जोडता येतील, ही कल्पना त्यांनी तिथून घेतली आणि 1933 साली आपली द्विबिंदू वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध केली. पुढे त्यांनी हे भाग पाच प्रकारांत बसवले: व्यक्तित्व, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ. ग्रंथपाल मंडळी यावर अजून वाद घालतात. आपल्या फोटोंना मात्र ही पाच खाती फार कामाची आहेत. बाया वाकून धानाचे रोप लावताहेत असा फोटो असेल, तर धान, चिखल, रोवणी, लाखांदूर आणि श्रावण. फोटो काढणारा बहुधा पहिले आणि चौथे खाते भरतो. क्रिया आणि काळ राहून जातात.

दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्रीय अहवालांचे ढीग इतके वाढले, की अमेरिकेत मॉर्टिमर टॉब यांनी वर्गवारीचाच नाद सोडला. प्रत्येक अहवालाला सुटे शब्द द्यायचे आणि शोधताना दोन-तीन शब्दांची कार्डे शेजारी ठेवून दोन्हींवर असलेले क्रमांक टिपायचे. सोपे आणि स्वस्त. पण सुट्या शब्दांत नाते हरवते. 'साप', 'बेडूक', 'गिळणे' हे तीन शब्द दिले, तर कोण कोणाला गिळतो आहे? (मोठा बेडूक लहान सापाला गिळतो, हे वर्गात सांगून पाहा, अर्धा वर्ग विश्वास ठेवत नाही.)

मग कोणती पद्धत चांगली? यावर नुसती भांडणे न करता इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड येथील विमानविद्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनी सरळ प्रयोग केला. 18,000 लेख घेतले, चार वेगवेगळ्या पद्धतींनी त्यांची सूची केली आणि बाराशे प्रश्न विचारले. 1962 साली निकाल आला तेव्हा चारही पद्धतींत फारसे अंतर नव्हते. उलट सुट्या शब्दांची पद्धत किंचित पुढे होती. अनेक विद्वानांना हे रुचले नाही. याच कामातून दोन मापे पक्की झाली. हवे होते त्यांपैकी किती सापडले, आणि सापडले त्यांपैकी किती हवे होते. पहिले वाढवायला जावे तर दुसरे बहुधा घसरते. मासे धरायच्या जाळ्याचे छिद्र बारीक केले की मासे जास्त येतात, पण शेवाळही येते.

1972 साली केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी यात एक साधी पण मोलाची गोष्ट दाखवली. जो शब्द पुष्कळ ठिकाणी असतो त्याची किंमत कमी धरावी, जो थोड्या ठिकाणी असतो त्याची जास्त. आजच्या शोधयंत्रांच्या मुळाशी ही कल्पना आहे. आमच्या मित्राने निम्म्याहून अधिक फोटोंखाली 'तलाव' लिहिले होते. तलावांच्या जिल्ह्यात त्या शब्दाने काय निवडणार?

'मामा तलाव' लिहावे, असे आम्ही सुचवले. माजी मालगुजारी तलावाचे हे रोजच्या बोलण्यातले लघुरूप आहे. पण बाहेरचा माणूस 'मामा' शब्दावर अडखळणार, म्हणून 'माजी मालगुजारी तलाव' हेही हवे. रोवणीचे त्याहून मजेदार. कोकणात या कामाला लावणी म्हणतात, मावळात आवणी. कोकणातले मूल 'लावणी' शोधेल तर त्याला ढोलकी आणि घुंगरू सापडतील. 1987 साली अमेरिकेत जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजूनच पाहिले होते. एकाच वस्तूला दोन माणसे आपापल्या मनाने तोच शब्द देतील, ही शक्यता पाचात एकाहूनही कमी निघाली. त्यांचा उपाय असा, की एका वस्तूला अनेक नावे द्या. कात्यायनाचा उपाय वेगळा नव्हता.

नावे गोळा करणाऱ्यांत मारुती चितमपल्ली यांचा उल्लेख करायलाच हवा. वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला असताना त्यांनी पाखरांची, झाडांची नावे तिथल्या माणसांकडून ऐकून टिपली. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार' हा त्यांनी रूढ केलेला शब्द. शब्द सुंदर आहे, फोटोखाली तो असावाच. पण त्याशेजारी 'बगळ्यांची घरटी' नसेल तर पाचवीतल्या मुलीला तो फोटो कधीच दिसणार नाही.

याच नवेगावबांधाने आम्हाला काळाचे खाते आठवून दिले. 1975 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि ते तिकडे गेले. 1980 सालच्या फोटोखाली तेव्हा खरे असलेले 'भंडारा' लिहायचे, की आजचे 'गोंदिया'? आम्ही म्हणतो, दोन्ही. जुन्या कागदपत्रांत आणखी मागे गेलात तर हा जिल्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात सापडेल, आणि 1956 पर्यंत मध्य प्रदेशात. गोसीखुर्दचे अधिकृत नाव इंदिरा सागर. त्या नावाने शोधले की नर्मदेवरचे दुसरेच धरण पुढे येते.

बुडालेल्या वस्त्यांच्या फोटोंपाशी मित्र थांबला. त्याने तिथे 'गोसीखुर्द जलाशय' असे लिहिले होते. सरकारी दृष्टीने ते बरोबरच. पण जलाशय कोण शोधणार? तिथून उठून पुनर्वसनात गेलेल्या घरातला नातू एके दिवशी आजोबांच्या गावाचे नाव लिहील, कदाचित पाराचे, कदाचित मारुतीच्या देवळाचे. ते शब्द आज सांगू शकणारी माणसे ऐंशीच्या घरात आहेत. मित्राने ते फोटो छापून घेतले आणि रविवारी तो त्यांच्याकडे जाऊन बसू लागला आहे.

थोडे तंत्राचेही सांगतो. पूर्वी संकेतस्थळाच्या पोटात, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी लिहायची पद्धत होती. लोकांनी तिथे वाटेल ते शब्द कोंबले, म्हणून शोधयंत्रांचा त्यांवरचा विश्वास उडाला. आपण ती यादी क्रम लावताना पाहत नाही, असे गूगलने 2009 साली जाहीरही केले. तेव्हा शब्द फोटोखालच्या ओळीत, वाचणाऱ्याला दिसतील असे लिहावेत. चित्राला जोडायचा पर्यायी मजकूरही भरावा. अंध वाचकाचा संगणक तोच मोठ्याने वाचून दाखवतो.

आणि शेवटी एक गंमत. धानाच्या रोपांना तिकडे 'पऱ्हे' म्हणतात. यातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे असू शकतात. मित्राने घरी एका प्रकारे आणि शाळेत दुसऱ्या प्रकारे टंकलेखन केले होते. 'पऱ्हे' शोधले की निम्मेच फोटो येत, आणि बाकीचे पुसले गेले असे समजून तो दोन दिवस जेवला नव्हता.