यंत्रांचा परकायाप्रवेश

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि दप्तरांतील कागद हींच प्रथम आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. या सर्व साधनांत एक मोठा गुण आहे. त्यांचा अर्थ लावण्यास पांडित्य लागत असेल, परंतु तीं पाहण्यास डोळ्यांवांचून दुसरें कांहीं लागत नाहीं. मोडी कागद दोनशें वर्षें रुमालांत बांधून पडला, तरी रुमाल सोडतांच तो वाचकासमोर हजर असतो. गेल्या पन्नास वर्षांत मात्र मनुष्यानें अशी पुष्कळ निर्मिति केली आहे, कीं जी यंत्रावांचून दिसतच नाहीं. ज्या यंत्रासाठीं ती रचली तें यंत्र बंद पडलें, कीं ती असून नसल्यासारखी होते. दूरचित्रवाणीच्या संचास जोडून खेळावयाचे व्हिडिओ गेम हें याचें ठळक उदाहरण होय. पोरखेळ समजून या विषयाची उपेक्षा करणें सोपें आहे. तथापि हे खेळ आजवर कसे टिकले, कोणीं टिकविले आणि पुढें टिकतील काय, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानें विचारण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखांत आम्हीं तोच हातीं घेतला आहे.

जपानांतील निन्टेंडो कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं ‘फॅमिकॉम’ नांवाचें यंत्र १४,८०० येनांस विक्रीस काढलें. मासायुकि उएमुरा हे त्याचे मुख्य रचनाकार. हेंच यंत्र १९८५ पासून अमेरिकेंत निराळ्या पेटींत घालून ‘निन्टेंडो एन्टरटेनमेंट सिस्टीम’ या नांवानें विकण्यांत आलें. त्याचा प्रोसेसर सेकंदास सुमारें १७ लाख ९० हजार ठोक्यांच्या गतीनें चाले आणि त्याची कामापुरती स्मृति अवघी २ किलोबाइट होती. आज खिशांतल्या फोननें काढलेलें एखादें छायाचित्रहि याच्या हजारपट जागा अडवितें. असें असतां, सप्टेंबर १९८५ मध्यें निघालेला ‘सुपर मारियो ब्रदर्स’ हा सबंध खेळ ४० किलोबाइटांत बसविलेला आहे. त्यांतील आकाशांतले ढग आणि जमिनीवरचीं झुडुपें यांची आकृति एकच असून केवळ रंग बदललेला आहे. लहानपणीं शेंकडों वेळां हा खेळ खेळलेल्यांच्याहि ध्यानांत ही गोष्ट सहसा येत नाहीं. एका चित्राकडून दोन कामें करून घेणारी ही काटकसर पाहिली म्हणजे, हे खेळ रचणारे लोक कोणत्या तोलाचे कारागीर होते हें निराळें सांगावयास नको.

आपल्याकडे हें यंत्र बहुतेकांनीं अस्सल रूपांत पाहिलेंच नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत येथल्या बाजारांत आल्या त्या त्याच्या नकला. आंत एका चिपेंत सारें यंत्र कोंबलेलें आणि वर काळ्या लाखेसारखा एक थेंब, अशी त्यांची घडण असे. ज्यांत खेळ भरलेला असे त्या डबीला आपल्या मुलांनीं ‘कॅसेट’ हें नांव दिलें. वेष्टनावर लाखांच्या हिशेबानें खेळ असल्याची ग्वाही असे आणि आंत तेच थोडके खेळ नांव बदलून फिरून फिरून येत. खेळ लागेनासा झाला, कीं कॅसेट काढून तिच्या तोंडांत फुंकर मारावयाची, हा विधि घरोघर चाले. वस्तुतः काम होई तें कॅसेट पुन्हा नीट बसविल्यामुळें. फुंकरेंतल्या ओलाव्यानें आंतील धातू गंजण्याचें भय मात्र असे. उपायच अपाय होत होता, पण तें त्या वेळीं कोणास ठाऊक होतें?

यंत्रांच्या आयुष्यास अशा अनेक वाटांनीं गळती लागते. जोडाच्या पट्ट्या झिजतात, प्लास्टिक पिवळें पडतें, जुने काचेचे संच मोडींत निघतात. १९८७ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’च्या कॅसेटमध्यें, खेळणारा कोठवर पोहोंचला याची नोंद राखण्यासाठीं एक नाण्याएवढी बॅटरी बसविलेली होती. ती संपली, कीं ज्या मुलानें महिनेच्या महिने खपून तो प्रवास केला, त्याची नोंद एका क्षणांत पुसली जाते. लिहिलेला कागद कसर लागून थोडाथोडा जातो. येथें नाश होतो तो एकदम आणि समूळ.

यावर तोडगा निघाला तो आपल्या ओळखीच्या एका जुन्या कल्पनेसारखा आहे. मच्छिंद्रनाथानें परकायाप्रवेशाच्या विद्येनें मृत राजाच्या देहांत प्रवेश केल्याची कथा आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. देह निराळा, परंतु आंतून बोलणारा तोच. यंत्रांच्या जगांत या विद्येचा सिद्धांत ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञानें १९३६ सालीं मांडला. कोणत्याहि गणनयंत्राची कृति जर आज्ञांच्या रूपानें लिहून काढतां येत असेल, तर त्या आज्ञा पाळणारें एकच सर्वसाधारण यंत्र बाकीच्या सर्व यंत्रांचें सोंग घेऊं शकेल, असा त्याचा आशय होता. व्यवहारांत ही विद्या आली ती खेळासाठीं नव्हे, तर हिशेबासाठीं. आय. बी. एम. कंपनीनें ७ एप्रिल १९६४ रोजीं ‘सिस्टीम ३६०’ ही नवी यंत्रमालिका जाहीर केली, तेव्हां तिच्या जुन्या ‘१४०१’ यंत्रावर ज्यांचे पगारपट आणि खातेवह्या चालत होत्या, ते गिऱ्हाईक सारें काम नव्यानें लिहून काढण्यास राजी नव्हते. म्हणून नव्या यंत्रास जुन्याप्रमाणें वागावयास शिकविण्यांत आलें. या प्रकारास ‘एम्युलेशन’ आणि तें घडवून आणणाऱ्या साधनास ‘एम्युलेटर’ म्हणतात.

खेळांच्या बाबतींत हें काम कंपन्यांच्या आधीं हौशी लोकांनीं अंगावर घेतलें. १९९६ सालीं मरात फायझुलिन यानें ‘आयनेस’ हा फॅमिकॉमचा एम्युलेटर प्रसिद्ध केला. कॅसेटमधील मजकूर उतरवून घेतांना त्याच्या आरंभीं, आंत काय आहे तें सांगणारा १६ बाइटांचा जो मथळा त्यानें ठरविला, तोच आजहि प्रमाण मानला जातो. पुढच्याच वर्षीं फेब्रुवारींत निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थानें नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रांसाठीं ‘मेम’ ही योजना सुरू केली, आणि एप्रिलांत निघालेल्या ‘नेस्टिकल’मुळें साध्या घरगुती संगणकावर फॅमिकॉमचे खेळ पूर्ण वेगानें चालूं लागले.

परंतु टेबलावरील संगणकाहून या विद्येचा चमत्कार अधिक स्पष्ट दिसला तो हातांत मावणाऱ्या यंत्रांवर. त्यांपैकीं सोनी कंपनीच्या ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’चें उदाहरण येथें घेतों. हें यंत्र १२ डिसेंबर २००४ रोजीं जपानांत विक्रीस आलें. स्मृति ३२ मेगाबाइट, प्रोसेसर जास्तींत जास्त ३३३ मेगाहर्ट्झचा, आणि पडद्यावर आडवे ४८० व उभे २७२ बिंदु. फॅमिकॉमचें चित्र २५६ आडव्या आणि २४० उभ्या बिंदूंचें; म्हणजे या पडद्यावर तें एकास एक या प्रमाणांत, कांहीं न कापतां, न ताणतां बसतें. वेगाचा हिशेबहि पाहण्यासारखा आहे. जुन्या प्रोसेसरच्या एका ठोक्यामागें नव्याच्या पदरीं सुमारें १८६ ठोके येतात. तेवढ्या अवधींत एम्युलेटरनें जुनी आज्ञा उचलावयाची, तिचा अर्थ लावावयाचा, आपल्या यंत्राच्या भाषेंत ती पार पाडावयाची, आणि शिवाय त्याच एका ठोक्यांत चित्र काढणाऱ्या जुन्या चिपेनें जे तीन बिंदु रंगविले असते तेहि रंगवावयाचे. ध्वनीचे पांच मार्ग निराळेच. दुभाष्यानें वक्त्याचें बोलणें संपण्याची वाट न पाहतां शब्दामागून शब्द भाषांतर करीत जावें, तसें हें काम आहे. फॅमिकॉमच्या बाबतींत तें सुखानें निभतें. १९९० सालच्या ‘सुपर फॅमिकॉम’पाशीं मात्र हें यंत्र धापा टाकूं लागतें, कारण त्यांत ध्वनीसाठीं स्वतंत्र प्रोसेसर असून कांहीं खेळांच्या कॅसेटमध्येंच जादा चिपा बसविलेल्या होत्या. मग मधलीं चित्रें गाळून वेळ भरून काढावा लागतो.

हें सर्व कंपनीच्या इच्छेनें झालें असें मात्र नाहीं. आपण मान्य केलेल्या आज्ञावलींवांचून दुसरें कांहीं चालूं नये, अशी कुलुपें यंत्रास घातलेली होतीं. २००५ सालीं हौशी लोकांनीं तीं उघडलीं. कंपनीनें नवीं घातलीं. तींहि उघडलीं गेलीं. हा लपंडाव कित्येक वर्षें चालला. मौज अशी, कीं नोव्हेंबर २००६ मध्यें कंपनीनें स्वतःच या यंत्रांत आपल्या १९९४ सालच्या ‘प्लेस्टेशन’चा एम्युलेटर घातला आणि जुने खेळ नव्यानें विकावयास आरंभ केला. ज्या विद्येवर डोळे वटारले, तीच पुढें दुकानांत मांडली गेली.

येथें एक नाजूक प्रश्न उभा राहतो. परक्या देहांत जें जागें होतें, तें खरोखर पूर्वीचेंच काय? फॅमिकॉमला एका आडव्या ओळींत आठांहून अधिक हलत्या आकृति दाखवितां येत नसत. म्हणून रचनाकार त्या आळीपाळीनें दाखवीत आणि चित्र लुकलुके. एम्युलेटरास ही मर्यादा नाहीं. एक कळ दाबतां लुकलुकणें नाहींसें होतें. हा दोष काढला म्हणावयाचा, कीं मूळ पाठांत ढवळाढवळ केली म्हणावयाची? जुन्या काचेच्या संचावर चित्राचे बिंदु उंचीपेक्षां किंचित् रुंद दिसत; हातांतील पडद्यावर ते चौरस होतात आणि मारियो थोडा रोडावतो. तो रुंद पडद्याभर ताणला तर लठ्ठ होतो. पूर्वींच्या नमुन्यांच्या पडद्यावर तर धांवत्या आकृतीमागें पुसट शेपूटहि उमटतें. एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हां पाठांचा जो विवेक त्यांस करावा लागला, त्याची धाकटी बहीणच ही आहे. २००४ सालीं आरंभिलेल्या ‘बीस्नेस’ या एम्युलेटराच्या कर्त्यानें सुपर फॅमिकॉमची प्रत्येक हालचाल जशीच्या तशी उतरविण्याचा पण केला, आणि त्या पूर्ततेसाठीं ३ गिगाहर्ट्झचा संगणक लागतो असें २०११ सालीं लिहिलें. अवघ्या साडेतीन मेगाहर्ट्झच्या यंत्राशीं निष्ठा राखण्याची ही किंमत आहे!

आतां कायद्याची बाजू. ‘कनेक्टिक्स’ या कंपनीनें प्लेस्टेशनचा एम्युलेटर काढला, तेव्हां सोनीनें तिजवर फिर्याद केली. परंतु २००० सालीं अमेरिकेच्या अपील न्यायालयानें कनेक्टिक्सच्या बाजूनें निकाल दिला. यंत्राचा अभ्यास करून त्यासारखें वागणारें साधन स्वतः लिहिणें ही चोरी नव्हे, हें त्यावरून ठरलें. खेळांच्या प्रती वाटणें ही गोष्ट मात्र निराळी. ती मालकीहक्काच्या आड येते. कारागिरास त्याच्या श्रमाचें मोल मिळालें पाहिजे याबद्दल आमचें दुमत नाहीं. परंतु जी वस्तु मालक विकीतच नाहीं, तिचें काय? ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, २०१० पूर्वीं अमेरिकेंत निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ आज कोठेंहि विकत मिळत नाहींत. निन्टेंडोनें २००६ सालीं ‘वी’ यंत्रावर जुन्या खेळांचें दुकान मांडलें, तें २०१९ सालीं बंद झालें. हे खेळ ग्रंथालयांनीं दूरच्या अभ्यासकांस दाखवावे, एवढी सवलत मागितली असतां अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीनें ती ऑक्टोबर २०२४ मध्यें नाकारली. भारतांत निघालेल्या हजारांहून अधिक मूकपटांपैकीं आज थोडकेच उरले आहेत. तेव्हांहि फिती कोणीं वैरानें जाळल्या असें नाहीं. धंदा संपला, त्या जपण्याचें काम कोणाचेंच नव्हतें, म्हणून त्या गेल्या.

प्लेस्टेशन पोर्टेबलच्या वांट्यासहि तेंच आलें आहे. साडेसात कोटींहून अधिक संख्येनें खपलेल्या या यंत्राची विक्री कंपनीनें २०१४ सालीं थांबविली. आज त्याच्या बॅटऱ्या फुगतात आणि तबकडी फिरविणारे भाग अडखळतात. ज्यानें फॅमिकॉमला आपल्या देहांत आसरा दिला, त्यालाच आतां आसरा हवा आहे. तो देणारा ‘पीपीएसएसपीपी’ हा एम्युलेटर हेन्रिक रिडगार्ड यानें नोव्हेंबर २०१२ मध्येंच, यंत्र दुकानांत असतांनाच, प्रसिद्ध केला होता. ॲपल कंपनीनें २०२४ सालीं आपल्या दुकानाचे नियम सैल केल्यावर तो तिच्या फोनांवरहि राजमार्गानें येऊन पोहोंचला.

उद्यां ते फोनहि जुने होतील आणि त्यांच्यासाठीं कोणी नवा देह शोधील. आपल्या पोथ्या उरल्या त्या एकच भूर्जपत्र अमर होतें म्हणून नव्हे. तें जीर्ण होण्यापूर्वीं कोणीतरी बसून दुसरी प्रत उतरवून घेतली म्हणून. त्या नकलनविसांपैकीं बहुतेकांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत, आणि नकलून घेण्याची परवानगी त्यांनीं कोणाकडे मागितली होती असेंहि ऐकिवांत नाहीं. घरांतील एखाद्या खणांत जुनें यंत्र पडलें असेल, तर वाचकांनीं तें भंगारांत टाकण्यापूर्वीं एकवार चालू करून पाहावें. त्यांत चाळीस किलोबाइटांची एक सबंध सृष्टि अजून जागी असण्याचा संभव आहे.