पूर्वेच्या दारातली भीती

तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामीच्या देवळात भाविक पूर्वेच्या गोपुरातून आत जातो आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडतो. आल्या वाटेनं परतायचं नाही. वरगुण पांड्याच्या घोड्याच्या टापांखाली एका रात्री एक ब्राह्मण चिरडला गेला आणि ब्रह्महत्या राजाच्या पाठी लागली. राजा देवळात शिरला तेव्हा ती पूर्वेच्या दारात थांबली. तो पश्चिमेनं निघून गेला, ती मात्र अजून तिथंच उभी आहे, अशी स्थळकथा. मन थाऱ्यावर नसलेल्या माणसांना घरचे लोक आजही इथं आणतात. आमच्या कुंभकोणमच्या देशस्थ घरात या गावाला मध्यार्जुन म्हणत. १७९८ साली तंजावरची गादी गेल्यावर अमरसिंहराजे इथंच येऊन राहिले, त्यामुळे मराठी घरांचं इथलं जाणं-येणं जुनं.

मी लहानपणी झोपेतून दचकून उठायची. आई म्हणायची, मध्यार्जुनाला नेऊन आणू. आजीची रीत वेगळी होती. अंगारा लावून झाला की ती माझ्या बेंबीच्या वर तळहात ठेवायची आणि म्हणायची, "इथं धडधडतंय बघ. बघत राहा." ती दुसरं काही विचारत नसे, काय दिसलं, कोण आलं होतं, काही नाही. धडधड उतरेपर्यंत हात तिथंच असायचा. एकाच घरात या दोन रीती कशा आल्या, हा प्रश्न मला पुढं नाशकात इतिहास शिकवत असताना पडला, आणि त्याचा माग काढत मी साक्कोट्टैला गेले.

साक्कोट्टै कुंभकोणमच्या दक्षिणेला, अरसलार नदी ओलांडली की लगेच. इथला शिव अमृतकलशनाथ. प्रलयात वाहत आलेल्या अमृतकुंभाचा मधला भाग इथं टेकला, असं सांगतात. शैव संत सुंदररांनी या स्थळावर, म्हणजे तिरुक्कलयनल्लूरवर, पदिगम हे स्तोत्र रचलं आहे. गावकरी गावाचं नाव शाक्यांशी जोडतात. ते सिद्ध करता येणार नाही, पण एवढं पक्कं की कावेरीच्या या खोऱ्यात बौद्ध शतकानुशतकं नांदले. कुंभकोणमच्या आसपास बुद्धाच्या दगडी मूर्ती सापडत आल्या आहेत. पाचव्या शतकात उरैयूरच्या बुद्धदत्तानं आपले पाली ग्रंथ कावेरीकाठच्या विहारांतच लिहिले: 'अभिधम्मावतार' कावेरीपट्टणात, 'विनयविनिच्छय' भूतमंगलात. 'मणिमेखलै' या तमिळ बौद्ध महाकाव्यात तर भीतीनं मेलेला एक मुलगाच आहे. शार्ङ्गलन चुकून पुहारच्या, म्हणजे कावेरीपट्टणाच्याच, स्मशानात शिरतो, तिथं नाचणारं भूत बघतो, धावत आईकडे येतो आणि प्राण सोडतो.

त्या विहारांतल्या भिक्खूंजवळ भीतीविषयी, आजीच्या रीतीची आठवण करून देणारं, एक फार जुनं सुत्त होतं: मज्झिमनिकायातलं 'भयभेरव'. त्यात बुद्ध आपल्या बोधीपूर्वीची हकिगत सांगतो. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्येच्या रात्री तो मुद्दाम रानातल्या भयाण चैत्यांपाशी जाऊन राहायचा. हरीण यायचं, मोराच्या पायानं काटकी मोडायची, वाऱ्यानं पाचोळा सळसळायचा आणि अंगावर काटा यायचा. तेव्हा त्यानं ठरवलं की चालताना भीती आली तर चालतानाच ती निवेपर्यंत थांबायचं नाही, बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही. उभं असताना आली तर उभं राहूनच, बसलेलं असताना आली तर बसूनच. देह ज्या स्थितीत भीतीच्या हाती सापडला, त्याच स्थितीत तिला पुरतं पाहायचं. मला हा जगाच्या वाङ्मयातला एक थोर उतारा वाटतो. भावना आधी आणि शरीराचा थरकाप मागून, ही समजूत उलटी करून पाहा, असं मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स १८८४ साली लिहितो. पण रात्री रानात जाऊन ते अंगावर घेणारा कुणी त्याच्या कितीतरी आधी होऊन गेला होता.

चोळदेशात बौद्धांची ही परंपरा कालांतरानं मागे पडत गेली. राजराज चोळाच्या काळात श्रीविजयाच्या राजानं नागपट्टिणमला चूडामणिविहार बांधला, तो शेवटचा मोठा आधार. १४७६च्या सुमारास सिंहलहून परतणारे रामञ्ञदेशाचे, म्हणजे दक्षिण ब्रह्मदेशातले, थेर जहाज फुटल्यानं नागपट्टिणमला आले आणि त्यांनी तिथल्या जुन्या विहाराची जागा पूजली, अशी नोंद पेगूच्या कल्याणी शिलालेखात आहे. तेव्हा उरले होते ते अवशेषच. १८६७ साली तिथला उरलासुरला विटांचा मनोराही पाडला गेला.

ब्रह्मदेशात मात्र ग्रंथ टिकले आणि त्यांतलं करून पाहणारे निपजले. लेदी सयाडो यांच्यानंतर सया थेटजी हा शेतकरी, त्यांच्यानंतर ऊ बा खिन हे सरकारी महालेखापाल. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोयंका १९५५ साली अर्धशिशीनं बेजार होऊन त्यांच्याकडे गेले. १९६९ला ते भारतात आले, मुंबईत पहिलं विपश्यना शिबिर झालं, आणि १९७६पासून इगतपुरीला धम्मगिरी हे केंद्र उभं राहिलं. तिथल्या विपश्यना विशोधन विन्यासानं त्रिपिटक अट्ठकथांसह देवनागरीत आणलं. त्यांच्या पाली संग्रहात बुद्धदत्ताचे हे दोन्ही ग्रंथ आहेत.

इगतपुरीच्या पॅगोडातलं शून्यागार म्हणजे जेमतेम एक माणूस बसेल एवढी काळोखी खोली. शिबिराला गेले तेव्हा तिथं बसले, दार लावलं आणि मला भीती आली. या वेळी मी ती नीट पाहिली. आधी पोटऱ्या ताठरल्या, मग डाव्या खांद्याच्या पात्याखाली कळ, मग घशात आवंढा, आणि सगळ्यात शेवटी विचार: बाहेर पडता आलं नाही तर? मी इतकी वर्षं समजत होते की विचारानं अंग घाबरतं. क्रम उलटा होता. पोटऱ्यांवर लक्ष ठेवून बसले. त्या सैलावल्या तसा तो विचार कुठं गेला ते कळलंही नाही.

भीतीचं मूळ शोधायचं म्हणजे बालपणीचा एखादा प्रसंग खणून काढायचा, असं आज फार लोक सांगतात. मला ते पटत नाही. असा प्रसंग मला सापडला नाही आणि त्याची गरजही भासली नाही. भयभेरवात बुद्ध मूळ शोधतो ते रानात भ्यालेल्या माणसाच्या आत्ताच्या वागण्यात: त्याची वाणी, त्याची उपजीविका, त्याचा लोभ, त्याचा द्वेष. हे काम एखादा प्रसंग आठवण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे, कारण यात दोष देण्यासारखा दुसरा कुणी उरत नाही. शिवाय हा मार्ग सगळ्यांचा नव्हे. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराविषयी विचारतात ते योग्यच आहे. ज्याचं मन मुळातच मोडकळीला आलंय त्याला काळोखात एकटं बसवणं क्रूरपणा होईल. त्याला आधी डॉक्टर हवा, आणि तोवर घरच्यांनी त्याला मध्यार्जुनाच्या पूर्वेच्या दारातून आत नेलं तर मी त्यांना अडवणार नाही.