आईच्या नजरेतून माळरान

बालसाहित्यातील मोठी माणसे बहुधा मुलांच्या उंचीवरूनच दिसतात. त्यांचे हात दिसतात, आवाज ऐकू येतो. मनात काय चालले आहे ते मात्र कळत नाही. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' (१९३५) या अमेरिकन बालसाहित्यातील अभिजात कादंबरीतील 'मा' अशीच आहे. ती भाकरी भाजते, केस विंचरते, फडताळावर चिनीमातीची छोटी मेंढपाळीण ठेवते आणि रानातल्या ओंडक्यांच्या खोलीला घरपण देते. तिला भीती वाटते एवढे लॉराला समजते, त्यामागचे कारण समजत नाही. ते कारण शोधण्याचा प्रयत्न सेरा मिलर यांनी २०१७ साली 'कॅरोलाइन : लिटल हाउस, रिव्हिजिटेड' या प्रौढांसाठीच्या कादंबरीत केला. वाइल्डर यांच्या साहित्याचा वारसा सांभाळणाऱ्या न्यासाची तिला संमती होती. अशा पुनर्कथनाने नेमके काय साधते, हा प्रस्तुत लेखाचा विषय.

प्रथम इतिहास पाहू. कॅरोलाइन क्वाइनर यांचा जन्म १८३९ साली विस्कॉन्सिनमध्ये झाला. त्या पाच वर्षांच्या असताना वडील मिशिगन सरोवरात बुडून वारले. लहानपण ओढाताणीत गेले. पुढे त्यांनी शिक्षिकेची नोकरी केली आणि १८६० मध्ये चार्ल्स इंगल्स यांच्याशी विवाह केला. १८६९ च्या सुमारास हे कुटुंब कॅन्ससच्या आग्नेय भागात येऊन राहिले आणि १८७१ मध्ये परत फिरले. लॉराचा जन्म फेब्रुवारी १८६७ चा. म्हणजे कॅन्ससमध्ये पोहोचताना ती तीन वर्षांचीही नव्हती आणि निघताना जेमतेम चार वर्षांची होती. कादंबरीतली लॉरा मात्र याहून मोठी आहे. जिला आपण बालपणीची आठवण समजतो ती मुख्यतः आईवडिलांकडून ऐकलेली हकिकत आहे, आणि ती लिहिणारी स्त्री पुस्तक निघाले तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. मुलीची नजर ही लेखिकेने निवडलेली योजना होय. त्या नजरेआड प्रौढ स्त्रीची स्मृती पहिल्यापासूनच काम करत होती. स्वतः कॅरोलाइन १९२४ मध्ये वारल्या. मुलीचे एकही पुस्तक त्यांनी पाहिले नाही.

या योजनेत काय गळले, हे पाहण्यासारखे आहे. कादंबरीत धाकटी कॅरी तान्ही असताना गाडीतून प्रवासाला निघते. प्रत्यक्षात तिचा जन्म ३ ऑगस्ट १८७० रोजी कॅन्ससमध्येच झाला. एका तपशिलाच्या फरकाने संपूर्ण अनुभव पुसला गेला: गरोदरपण, परमुलखातले बाळंतपण, माहेरच्या माणसांपासून शेकडो मैल दूर असताना येणारी धास्ती. मिलर यांनी नेमका हाच तपशील परत आणला. त्यांची कॅरोलाइन पोटात मूल असताना गाडीत बसते, आणि सारा प्रवास तिच्या देहावरून जातो. गाडीचे हिसके, मळमळ, दूध, थकवा यांना येथे घटनांचे मोल मिळते. घर बांधताना मा च्या पायावर ओंडका पडतो, तो प्रसंग लॉरासाठी साहस होता. आईच्या बाजूने पाहिले तर आपण अंथरुणाला खिळलो तर मुलींचे काय, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

इथवर हे पुनर्कथन स्त्रीवादी समीक्षेच्या परिचित वाटेने जाते: मूक स्त्रीला वाचा मिळते, तिच्या श्रमांना मान मिळतो. खरी अडचण पुढे आहे. इंगल्स कुटुंबाने घर बांधले ती जमीन ओसेज लोकांची राखीव भूमी होती. १८६५ च्या तहाने त्यांच्याकडे जे उरले होते त्यातच गोरे वसाहतवाले बेकायदा शिरत होते. १८७० च्या ऑगस्टमधील जनगणनेत रटलँड टाउनशिपच्या नोंदीत हे कुटुंब सापडते, आणि जमीन ओसेजांची असून वसाहतवाल्यांना तिच्यावर हक्क नाही, अशी टीपही त्या नोंदीस जोडलेली आहे. १५ जुलै १८७० च्या कायद्याने ओसेजांना हलवण्याची तजवीज झालीच होती. त्याच सप्टेंबरात त्यांच्याकडून संमती घेण्यात आली आणि ते आजच्या ओक्लाहोमात गेले. कादंबरीत सरकार आपल्याला हुसकावणार या समजुतीने इंगल्स कुटुंब निघते. वास्तवात विस्कॉन्सिनचे घर घेणाऱ्याला पैसे फेडता येईनात म्हणून ते परतले.

चार वर्षांच्या मुलीला जमिनीचा मालक कोण हे ठाऊक असण्याची अपेक्षा कुणी करणार नाही. म्हणूनच तिची नजर वाचकाला मोकळीक देते: माळरान सुंदर, बाबा शूर, परके लोक गूढ. मोठ्या बाईला ही सूट नाही. पती घरी नसताना ओसेज पुरुष दारात येतात आणि मा त्यांना रांधून घालते, हा प्रसंग आईच्या अंगाने वाचू लागलो की तिची भीती खरी वाटते. ज्यांच्या भूमीवर आपण बिनपरवाना चूल मांडली तेच आपल्याला घुसखोर भासावेत, ही विसंगतीही त्याच वेळी उघडी पडते. भीती खरी असणे आणि न्याय्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रौढ स्त्रीच्या दृष्टिकोनाचे मोल या उघडीपीत आहे. तो तिला निर्दोष ठरवत नाही. बालनजरेने दिलेले निरागसतेचे कवच तो काढून घेतो.

मात्र सहानुभूतीलाही मर्यादा असते. कॅरोलाइनच्या मनात आपण जितके खोल शिरतो तितका ओसेज माणूस दारातली सावलीच राहण्याचा धोका वाढतो. तो धोका मूळ पुस्तकातच होता. त्या प्रदेशात माणसे नाहीत, फक्त इंडियन आहेत, अशा आशयाचे त्यातील विधान एका वाचकाच्या तक्रारीनंतर १९५३ च्या आवृत्तीत बदलले गेले. 'माणसे' जाऊन 'वसाहतवाले' आले. शब्द सुधारला, रचना तशीच राहिली. २०१८ मध्ये अमेरिकेतील बालग्रंथपालांच्या संघटनेने वाइल्डर यांच्या नावाचा पुरस्कारही नव्या नावाने देण्याचे ठरवले.

योगायोग असा, की २०१७ सालीच डेव्हिड ग्रॅन यांचे 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' आले. ओक्लाहोमातील ओसेज भूमीत तेल सापडल्यानंतर १९२० च्या दशकात झालेल्या हत्यांचा तो इतिहास. कॅन्ससमधून घालवलेल्या त्याच लोकांची ती पुढची कहाणी. लुईज एर्ड्रिक यांनी तर १९९९ मध्येच 'द बर्चबार्क हाउस' या बालकादंबरीत एकोणिसाव्या शतकातील ओजिब्वे मुलीच्या डोळ्यांनी दुसरे घर दाखवले होते.

वर्गात 'कॅरोलाइन' शिकवायची तर ती मूळ कादंबरीची दुरुस्ती म्हणून शिकवू नये. ती या पुस्तकांच्या ओळीत ठेवावी. आईची बाजू ऐकल्याने गोष्ट पुरी होत नाही. गोष्टीत अजून कोण बोललेले नाही, हे तेवढे अधिक स्पष्ट दिसते.