चंद्रभागेच्या काठी एक ढगाळ दिवस

परवा सौ.ला घेऊन पंढरपूरला जाऊन आलो. सोलापूरहून मोहोळमार्गे ७०-७५ किलोमीटर. सकाळच्या एसटीने निघाले की संध्याकाळी घरी परत. आषाढी होऊन गेलेली, त्यामुळे गर्दी ओसरली होती. आभाळ मात्र भरून आलेले. धड पाऊसही नाही आणि ऊनही नाही.

आधी महाद्वार घाटावर गेलो. भीमा इथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. एरवी वाळवंटातून चालत पुंडलिकाच्या देवळापर्यंत जाता येते. त्या दिवशी उजनीतून आणि नीरेवरच्या वीर धरणातून पाणी सोडलेले होते. नदी गढूळ, दुथडी वाहत होती आणि देवळाचा वरचा भाग तेवढा दिसत होता. होडी बांधून बसलेला एकजण म्हणाला, "आजोबा, आज पुंडलिकाला हितूनच हात जोडा." आम्ही तिथूनच जोडले.

घाट चढून महाद्वारापाशी आलो. सौ. दर्शनाच्या रांगेत गेली. माझे गुडघे रांगेत उभे राहू देत नाहीत, म्हणून मी नामदेव पायरीसमोर, चोखोबांच्या समाधीपाशी थांबलो. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून १३३८ साली चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणून समाधी बांधली, असे परंपरा सांगते. समाधीपासून दरवाजा चार पावलांवर. पण चोखोबांच्या जातीच्या माणसांना ती चार पावले टाकायला १९४७ साल उजाडावे लागले. हिशेब केला, सहाशे नऊ वर्षे!

ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी इथे उपोषण केले. त्याआधी महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगाव देवळे आणि विहिरी खुल्या करायला लावल्या. पंढरपुरात उपोषणाला जागा मिळेना, तेव्हा तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. १ मे १९४७ रोजी उपोषण सुरू झाले. ते थांबवावे अशी गांधीजींची तार आली. ज्यांना आयुष्यभर मानले त्यांचेही गुरुजींनी या बाबतीत ऐकले नाही. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळी राजी झाली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई सरकारने त्याच वर्षी केला. पण कायद्याने दार उघडते, मनाची कडी आतून काढावी लागते. गुरुजींची धडपड त्या कडीसाठी होती.

हे सगळे आठवत असताना मला एक जुनी गोष्ट टोचू लागली.

नोकरीत असताना मी वर्षानुवर्षे 'श्यामची आई' शिकवली. मुलांचे डोळे भरून येत, मलाही बरे वाटे. पंढरपूरच्या उपोषणावर मात्र एखादे वाक्य सांगून पुढे जात असे. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तोपर्यंत आम्हाला आत का घेत नव्हते?" त्या 'आम्हाला' या शब्दाने वर्ग एकदम शांत झाला. मी म्हणालो, "ते परीक्षेला नाही. बस खाली." तो बसला. पुन्हा त्याने वर्गात कधी काही विचारले नाही.

गुरुजीही माझ्यासारखेच शाळामास्तर. अमळनेरच्या शाळेत शिकवत. त्यांनी या प्रश्नासाठी दहा दिवस अन्न सोडले आणि मला दहा मिनिटे देववली नाहीत. उत्तर मला ठाऊक नव्हते असे नाही. ते देताना 'आम्ही घेत नव्हतो' असे म्हणावे लागले असते, आणि तेच जिभेवर येत नव्हते.

सौ. प्रसाद घेऊन बाहेर आली. परतीच्या एसटीत तिला सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग आता सांगा की त्याला."

तो मुलगा आता पन्नाशीत असेल. कुठे असतो, ठाऊक नाही. म्हणून इथे लिहितो आहे. बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. आत घेत नव्हते, कारण आम्ही दारात उभे होतो. उत्तर द्यायला तुझ्या सरांना फार उशीर झाला.

मोहोळ मागे टाकले आणि मग कुठे पाऊस सुरू झाला.