दुचाकीसाठी इंजिन ऑइलची निवड : डब्यावरील आकड्यांचा अर्थ

गोव्यात घरटी एखादी तरी दुचाकी असतेच. पिवळ्या-काळ्या रंगाच्या मोटारसायकलवरून प्रवाशांची ने-आण करणाऱ्या पायलटचा तर सारा चरितार्थच तिच्यावर चालतो. तरीही सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिनात कोणते ऑइल पडते, याची चौकशी फार थोडे जण करतात. ‘गाडी जुनी आहे, जाड ऑइल घाला’ किंवा ‘पातळ घातले की मायलेज वाढते’ असे ठोकताळे गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतात. दोन्ही अर्धसत्ये आहेत आणि त्यांची किंमत शेवटी क्लच प्लेट, पिस्टन किंवा कॅमशाफ्टच्या रूपाने मालकालाच मोजावी लागते.

आकडे काय सांगतात?

डब्यावरील ‘१०डब्ल्यू-३०’ किंवा ‘२०डब्ल्यू-५०’ ही खूण ऑइलचा दाटपणा, म्हणजेच श्यानता, दर्शवते. ही प्रतवारी अमेरिकेतील ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवली आहे. ‘डब्ल्यू’ हे अक्षर ‘विंटर’ या शब्दाचे असून त्यामागील आकडा थंड अवस्थेतील वर्तन सांगतो. हा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत अधिक सहज वाहते. ‘१०डब्ल्यू’ ऑइलची थंड इंजिन सुरू होण्यासंबंधीची चाचणी उणे २५ अंश सेल्सिअसला होते, तर ‘२०डब्ल्यू’ची उणे १५ अंशांना.

दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे तापलेल्या इंजिनात, ऑइल किती दाट राहते हे सांगतो. या तापमानाला ‘३०’ प्रतीच्या ऑइलची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, ‘४०’ची १२.५ ते १६.३ आणि ‘५०’ची १६.३ ते २१.९ सेंटीस्टोक या मर्यादेत असावी लागते. हे आकडे म्हणजे दर्जाचे गुण नव्हेत. ‘५०’चे ऑइल ‘३०’पेक्षा चांगले नसते, केवळ अधिक दाट असते. तसेच मिनरल आणि सिंथेटिक या दोन्ही प्रकारांत एकाच प्रतीचे ऑइल मिळते.

जाड ऑइलचा गैरसमज

गोव्यात पारा शून्याच्या जवळपासही जात नाही, तेव्हा पहिल्या आकड्याचा येथे काय उपयोग, असा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु इंजिनाच्या दृष्टीने गोव्याची कोवळी सकाळही ‘थंड’च असते. सर्वसाधारण ‘२०डब्ल्यू-५०’ ऑइल ४० अंशांना १०० अंशांच्या तुलनेत आठ-नऊ पट दाट असते, आणि त्याच तापमानाच्या ‘१०डब्ल्यू-३०’च्या तुलनेतही ते दुपटीहून दाट भरते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत ऑइल तळाशी उतरलेले असते. किक मारल्यावर ते पंपावाटे वर कॅमशाफ्टपर्यंत पोहोचेतो धातूवर धातू घासत राहतो. १०० ते १२५ सीसीच्या छोट्या इंजिनांत भागांमधील फटी अतिशय बारीक असतात. तेथे अकारण जाड ऑइल उशिरा पोहोचते, इंजिनाची ताकद खाते आणि मायलेजही घटवते.

उलट, मोठ्या एअर-कूल्ड इंजिनात गरजेपेक्षा पातळ ऑइल घातल्यास चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना, अथवा म्हापशाच्या वाहतूक कोंडीत रखडताना, ते तापून अधिकच पातळ होते. भागांमधील तेलाचा पापुद्रा तुटतो, इंजिनाचा आवाज वाढतो आणि ऑइल जळू लागते.

म्हणूनच निर्माते इंजिनाच्या रचनेनुसार प्रत ठरवतात. हिरो स्प्लेंडरसाठी १०डब्ल्यू-३०, तर रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५०साठी १५डब्ल्यू-५० सुचवले जाते. एकाच नावाच्या गाडीची शिफारस मॉडेलगणिक बदलू शकते. त्यामुळे अंतिम शब्द गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेचाच मानावा. काही पुस्तिकांत बाहेरील तापमानानुसार एकाहून अधिक प्रती दिलेल्या असतात. निवडीचे स्वातंत्र्य तेवढ्यापुरतेच असते.

क्लचसाठी ‘जासो’

मोटारगाडीचे ऑइल मोटारसायकलला का चालत नाही, याचे उत्तर क्लचमध्ये आहे. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच ऑइल पुरते. क्लच प्लेट त्यातच भिजलेल्या असतात. मोटारींच्या अनेक ऑइलमध्ये इंधनबचतीसाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती क्लचला निसरडे करतात. मग चढावर एक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडते, पण वेग वाढत नाही.

जपानी ‘जासो’ मानकातील ‘एमए’, ‘एमए-१’ किंवा ‘एमए-२’ ही खूण अशा ओल्या क्लचसाठी योग्य ऑइल दर्शवते. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिला कमी घर्षणाचे ‘एमबी’ ऑइल चालते. होंडा अॅक्टिवाचे १०डब्ल्यू-३० आणि स्प्लेंडरचे १०डब्ल्यू-३० यांचे आकडे सारखे असले, तरी ‘एमबी’ची खूण असलेले ऑइल मोटारसायकलमध्ये घालू नये. यासोबत ‘एपीआय’चा दर्जाही पाहावा. त्यात ‘एसजे’, ‘एसएल’, ‘एसएम’, ‘एसएन’ असा क्रम असून पुढचे अक्षर नंतरच्या मानकाचे असते.

जुने इंजिन आणि पावसाळा

निळा धूर सोडणाऱ्या जुन्या इंजिनात जाड ऑइल घातल्यास धूर काही काळ कमी होतो, पण झिजलेल्या पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील दुरुस्त होत नाहीत. दुखणे झाकले जाते, बरे होत नाही. अशा वेळी आधी मेकॅनिककडून कारण शोधून घ्यावे.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असल्यास ऑइलचा रंग पाहावा. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, हे ओळखून इंजिन सुरू न करता ऑइल बदलून घ्यावे. केवळ काळे पडलेले ऑइल मात्र निकामी झालेच असे नाही. काजळी सामावून घेणे हे त्याचे कामच आहे. कमी फिरणाऱ्या गाडीनेही पुस्तिकेतील मुदत पाळावी, कारण अगदी जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि आतील ओलावा उडून जात नाही.

खरेदी करताना सीलबंद डबा घ्यावा आणि तो आपल्यासमोर उघडून घ्यावा. सुट्या ऑइलची प्रत पडताळण्याचा मार्ग ग्राहकाकडे नसतो. काढलेले ऑइल गटारात किंवा विहिरीजवळ न ओतता गॅरेजमार्फत पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे. प्रत, ‘जासो’ची खूण आणि ‘एपीआय’चा दर्जा या तीन गोष्टी पुस्तिकेशी जुळल्या, की कंपनी कोणती हा प्रश्न दुय्यम ठरतो.